ब्रेकर ऑनच होता, तरी पॅनेल जळून गेलं : आर्क फॉल्टची गोष्ट

दुरुस्तीवाला

गेल्या पावसाळ्यात एक जळकं पॅनेल उलगडत बसलो होतो, त्याची गोष्ट सांगतो. आर्क म्हणजे हवेतून उडी मारून वाहणारा करंट, त्याचाच तो प्रताप. कारखाना कुठला ते सोडा. २२ केव्हीचा पुरवठा, २००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याखाली ४१५ व्होल्टचं मोठं पॅनेल, म्हणजे कारखानाभर वीज वाटणारं कपाट, ज्याला आम्ही पीसीसी म्हणतो. डाव्या टोकाला ३२०० अँपिअरचा इन्कमर एसीबी, म्हणजे सगळी वीज ज्यातून आत येते तो मुख्य ब्रेकर. तिथून उजवीकडे ओळीने फीडर, म्हणजे पुढे वीज नेणाऱ्या शाखा.

रविवारची रात्र होती, मशिनं जवळजवळ सगळी बंद. मोठा आवाज झाला आणि काळोख. वॉचमन सांगत होता, "साहेब, खिडकीतून वेल्डिंग चालल्यासारखं दिसलं, पण वेल्डिंग एवढं मोठं नसतं." आत कोणी नव्हतं, हे नशीब.

सकाळी आत गेलो. दुसऱ्या फीडरच्या मागे बसबारवर (सगळ्या फीडरना वीज पुरवणाऱ्या तांब्याच्या जाड पट्ट्यांवर) कोळसा झालेली पाल, म्हणजे तिचा जेमतेम आकार. मीटरच्या काचेवर तांब्याचे मोहरीएवढे थेंब उडून चिकटलेले. ते नखाने खरवडून निघत नव्हते, काचेतच रुतले होते. गंमत म्हणजे पालीच्या जागी नुकसान कमी आणि उजव्या टोकाला बसबार वीतभर वितळून गेलेला.

सगळ्यांच्या डोळ्यांत खुपली ती दुसरीच गोष्ट. इन्कमर एसीबी ऑन होता. एवढं पॅनेल जळलं आणि त्याचा रखवालदार ढिम्म! लगेच ठरलं की ब्रेकर खराब. कंपनीच्या माणसाला बोलावलं, त्याने किट लावून टेस्ट केली. ब्रेकर अगदी चोख. जिथे ट्रिप व्हायला हवा तिथे होत होता.

उत्तर मिळालं २२ केव्हीच्या रिलेत, म्हणजे करंट मोजून वरच्या ब्रेकरला पडायला सांगणाऱ्या यंत्रात. ट्रिप शेवटी त्याने दिली होती, आणि त्या क्षणाची नोंदही त्याच्याकडे होती : वरच्या बाजूला सुमारे ३९० अँपिअर. ट्रान्सफॉर्मरच्या गुणोत्तराने ते खाली आणा, म्हणजे ५०.८ ने गुणा (बिनभाराची खालची बाजू ४३३ व्होल्टची धरून). येतात साधारण १९,८०० अँपिअर. आता इन्कमरचं सेटिंग बघा. त्याचा शॉर्ट टाइम, म्हणजे जरासं थांबून ट्रिप द्यायचा करंटचा आकडा, ३२०० च्या आठपट ठेवला होता, म्हणजे २५,६०० अँपिअर. फीडरच्या फॉल्टवर मुख्य ब्रेकर उगाच पडू नये म्हणून इन्स्टंटेनियस, म्हणजे न थांबता पडणं, बंद. सेटिंग करणाऱ्याने हिशोब असा केला होता की बसबारवर शॉर्ट झाला तर ४० हजाराच्या आसपास करंट येईल, तेव्हा २५ हजारावर तो पकडला जाईलच. कागदावर बरोबर. पण ते ४० हजार येतात तीन बसबार नटबोल्टने एकमेकांना आवळून टाकले तर. पालीने तसं काही केलं नव्हतं. तिथे आर्क होता, आणि आर्क स्वतःच काही व्होल्टेज खातो. ४१५ व्होल्टमधून त्याने आपला मोठा वाटा काढून घेतला की करंट निम्म्यावर येतो. २२ केव्हीत तेवढ्याने फारसा फरक पडत नाही, पण ४१५ ला पडतो. म्हणून एसीबीच्या दृष्टीने हा फॉल्ट नव्हताच, थोडा जबर ओव्हरलोड होता. सहापट ओव्हरलोडला त्याच्या वक्राप्रमाणे नऊ-दहा सेकंद लागले असते. त्याने घड्याळ लावलं आणि वाट पाहत बसला. तोवर वरच्या रिलेने ०.८ सेकंद आणि ब्रेकरने आणखी थोडा वेळ घेऊन पुरवठा तोडला. म्हणजे भडका जवळजवळ ०.९ सेकंद चालला.

०.९ सेकंद ऐकायला काहीच नाही. पण आर्कच्या मुळाशी तापमान वीस हजार अंशांच्या घरात जातं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा. तांब्याची वाफ झाली की त्याचं आकारमान सुमारे ६७ हजार पट होतं, पाण्याची वाफ होताना ते सोळाशे-सतराशे पट होतं. त्यामुळे नुसतं भाजत नाही, पॅनेलची दारं उडतात, वितळलेलं तांबं गोळीसारखं येतं. शॉक आणि आर्कने भाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९८२ साली अमेरिकेतल्या राल्फ ली या अभियंत्याने आकडे मांडून दाखवलं. त्या कामावरूनच पुढे आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचं १५८४ हे गणिताचं मानक आलं, आधी २००२ मध्ये, मग पूर्ण बदलून २०१८ मध्ये. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे : आर्क १०० मिलिसेकंदांच्या आत मेला तर पुसून, तपासून पॅनेल परत चालू करता येतं. त्यापुढे केबल पेटायला लागते, १५० ला तांबं, २०० ला पोलादी पत्रा.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा. आणि आपण संरक्षणाचं ग्रेडिंग कसं करतो? खालचा फीडर आधी पडू दे, त्याच्या वरचा ०.३ सेकंदाने, त्याच्या वरचा आणखी ०.३ ने. एका मोटारीसाठी सगळा कारखाना काळोखात जायला नको, म्हणून हे शहाणपणाचंच आहे. पण त्याची किंमत बसबार मोजतो. जिथे करंट सगळ्यात जास्त, तिथेच थांबायला सगळ्यात जास्त सांगितलेलं. कॉलेजात ग्रेडिंग शिकवताना हे कोणी बोलत नाही.

यावरचा उपाय म्हणजे आर्क रिले. तो करंटच्या आकड्यावर विसंबून राहत नाही, उजेड बघतो. पॅनेलच्या आत छोटे भिंगाचे सेन्सर किंवा बसबारच्या कडेने फिरवलेली उघडी फायबर. उजेड साधारण ८ ते १० हजार लक्सच्या वर गेला आणि त्याच वेळी करंटही नेहमीपेक्षा जास्त असेल, तर ट्रिप. दोन्ही हवेत. ठरवायला त्याला दोन-तीन मिलिसेकंद पुरतात, रिलेचा संपर्क मिटायला आणखी पाच-सात. पुढचे पन्नास-साठ ब्रेकरचे स्वतःचे. आमच्या पॅनेलमध्ये हे असतं तर ०.९ सेकंदाचे ०.०७ झाले असते.

प्रश्न असतील तर विचारा.

---

कागदी_घोडा

छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. पाल केवढीशी, तिने वीस हजार अँपिअर कसे काय वाहून नेले?

---

दुरुस्तीवाला

@कागदी_घोडा, तिने नाही नेले. तिने फक्त काडी लावली. दोन बसबारमध्ये हवा असते आणि ४१५ व्होल्टला तेवढी हवा सहज पुरते. पालीच्या ओल्या अंगातून क्षणभर करंट गेला, तिची वाफ झाली, हवा तापून आयनांनी भरली आणि मग ती हवाच वाहक झाली. त्यापुढे पालीची गरज उरत नाही. कधी हे काम विसरलेला पाना करतो, कधी ढिला झालेला बोल्ट, कधी केबलच्या लगचं अर्धवट क्रिंपिंग. कोकणात, दमट हवेत तर धूळ आणि ओल मिळून इन्सुलेटरवर वाट काढतात, म्हणून तिकडे पॅनेलमधली ओल घालवणारा स्पेस हीटर बंद पडला की पोटात गोळा येतो.

---

फॅरेडेचा_नातू

उजव्या टोकाला जास्त जळलं, त्याचं सांगतो, कारण यावरून कारखान्यांनी स्वतःच केलेल्या तपासण्यांत नेहमी चूक होते. लोक म्हणतात, जिथे जास्त जळलं तिथे फॉल्ट झाला. तसं नसतं.

बसबारमधून करंट येतो, आर्कमधून पलीकडे जातो, दुसऱ्या बसबारमधून परत जातो. म्हणजे एक फास तयार झाला. करंटचा फास स्वतःला मोठा करू पाहतो, चुंबकीय बल आर्कला पुरवठ्यापासून दूर ढकलतं. त्यामुळे आर्क बसबारवरून इन्कमरच्या उलट दिशेने पळत सुटतो. बसबार संपला किंवा मध्ये इन्सुलेशनचा अडसर आला की तिथे अडकतो, आणि जिथे अडकतो तिथे उरलेला सगळा वेळ जाळत बसतो. तुमच्या पॅनेलमध्ये पाल दुसऱ्या फीडरमागे आणि राख शेवटच्या फीडरमागे, हे अगदी पुस्तकातल्यासारखं झालंय.

म्हणून सेन्सर लावताना बसबारच्या शेवटच्या टोकाला एक हवाच. पुष्कळ ठिकाणी इन्कमरजवळ दोन-तीन लावून मोकळे होतात.

---

बावीस_केव्ही

दुरुस्तीवाले साहेब, तुमच्या लेखाशी सहमत, पण नाण्याची दुसरी बाजू लिहितो. आमच्याकडे आर्क रिले होता. एकदा पाहुणे आले, मार्केटिंगवाल्यांनी चालू पॅनेलचं दार उघडून फोटो काढले. फ्लॅश उडाला, प्लँट बंद. चार तास गेले. दुसऱ्यांदा पॅनेल रूममध्ये वेल्डिंग चाललं होतं, तेव्हा पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मॅनेजरने तोंडी हुकूम दिला, तो रिले काढून टाका. आता तुम्ही मला सांगा, ज्याच्यामुळे दरवेळी प्लँट बंद पडतो त्यापेक्षा बसबार डिफरन्शियल का नको? तो आत आलेला आणि बाहेर गेलेला करंट ताडून बघतो, उजेडाच्या भानगडीत पडत नाही.

---

रिलेवाली

@बावीस_केव्ही, मी हे रिले लावून, तपासून देण्याचं काम करते, त्यामुळे जरा लांबण लावते, राग नसावा.

तुमच्या रिलेवर नक्की 'फक्त उजेड' असं सेटिंग होतं. करंटची अट असती तर फोटोग्राफरने कितीही फ्लॅश मारले तरी काही झालं नसतं, कारण त्या क्षणी करंट वाढलेला नव्हता. हे सेटिंग बहुतेक वेळा आळसातून येतं. करंटची अट घालायची तर सीटीच्या (करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या) वायरी रिलेपर्यंत ओढाव्या लागतात, पॅनेल बनवणाऱ्याला ते जड जातं. फ्लॅशचं सोडा, थेट ऊन लाखभर लक्सचं असतं. बाहेरच्या कियॉस्कमध्ये पॅनेल असेल आणि कोणी सकाळी पूर्वेकडचं दार उघडलं, तर 'फक्त उजेड' वाला रिले सूर्यनारायणाला फॉल्ट समजेल.

आता डिफरन्शियल. २२ केव्हीच्या पॅनेलला उत्तम, दोन इन्कमर आणि सहा फीडर असतील तर जरूर लावा. पण ४१५ च्या पीसीसीला वीस-पंचवीस फीडर, प्रत्येकावर जुळणारे सीटी लागणार. आणि डिफरन्शियलचं राज्य सीटीपर्यंतच. फीडरचा केबल बॉक्स, म्हणजे केबल जोडायचा कप्पा, सीटीच्या पलीकडे, तो त्याच्या हद्दीबाहेर. पॅनेलमधले बरेच भडके तर केबल बॉक्समध्येच होतात, कारण तिथलं टर्मिनेशन साइटवर, उकाड्यात, घाईत केलेलं असतं.

आर्क रिलेत खरं डोकं लागतं ते कोणता सेन्सर कोणाला पाडणार हे ठरवायला. बसबारच्या कप्प्यातला सेन्सर : इन्कमर आणि कपलर (दोन बसबार जोडणारा ब्रेकर) दोन्ही. फीडरच्या केबल बॉक्समधला : फक्त तो फीडर. इथवर सगळे बरोबर करतात. चूक होते ती इन्कमरच्या स्वतःच्या केबल बॉक्समध्ये. तिथे आर्क झाला तर इन्कमर पाडून उपयोग काय? फॉल्ट त्याच्या वर आहे, ट्रान्सफॉर्मर त्याला पोसत राहणार. तिथून ट्रिप थेट २२ केव्हीच्या ब्रेकरला गेली पाहिजे. ती वायर दोन खोल्यांमधून जाते, दोन वेगळ्या कंत्राटदारांच्या हद्दीतून जाते, आणि म्हणून कधीकधी जातच नाही.

दुसरी खोच एसीबीची. व्हीसीबी, म्हणजे निर्वात ब्रेकर, करंट तोडतो ते बंद बाटलीत, बाहेर उजेड येत नाही. एसीबी हवेत तोडतो, त्याच्या आर्क च्यूटमधून (आर्क विझवायच्या कप्प्यातून) ज्वाळा डोकावते. खाली मोठा शॉर्ट झाला, फीडरच्या एसीबीने आपलं काम चोख केलं, तर त्या क्षणी उजेडही आहे आणि करंटही. दोन्ही अटी पूर्ण. रिले म्हणणार आर्क, आणि मुख्य इन्कमर पाडणार. म्हणून एसीबीच्या कप्प्यात सेन्सर च्यूटकडे तोंड करून लावायचा नसतो.

तपासणी कशी करतो ते सांगते. एक मुलगा पॅनेलच्या आत कॅमेऱ्याचा फ्लॅश धरून बसतो, बाहेर मी किटवरून रिलेला करंट देते. आधी नुसता फ्लॅश : ट्रिप नको. मग नुसता करंट : ट्रिप नको. मग दोन्ही एकदम : ट्रिप हवी, आणि घड्याळ ब्रेकरच्या संपर्कावर लावायचं, रिलेच्या नाही. रिले सात मिलिसेकंदांत बोलतो आणि ब्रेकर पाडणारी शंट कॉइल जुनी होऊन आळसावलेली असते, असं दोनदा पाहिलंय. प्रत्येक सेन्सरला हे करायचं. कंटाळवाणं आहे, घामाघूम व्हायला होतं. भिंगावर धूळ बसते ती पुसायची. फायबरची वळसेदार वायर असेल तर रिले तिच्यातून स्वतःच उजेडाचा ठोका पाठवून ती तुटली नाही ना हे बघत राहतो, ती सोय चांगली.

---

कागदी_घोडा

म्हणजे ब्रेकरचे साठ मिलिसेकंद हे अजून कमी होत नाहीत?

---

फॅरेडेचा_नातू

होतात, काट्याने काटा काढून. आर्क दिसताच त्याच्या शेजारी तिन्ही फेज मुद्दाम अर्थला शॉर्ट करायचे. पक्क्या शॉर्टवर व्होल्टेज जवळजवळ शून्य, मग आर्कला जगायला काही उरत नाही. असे शॉर्टिंग स्विच चार मिलिसेकंदांच्या आत मिटतात. ब्रेकर नंतर निवांत पन्नास-साठ मिलिसेकंदांनी पडतो. कमी व्होल्टेजच्या अशा उपकरणांसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ६०९४७-९-१ हे मानक २०१९ मध्ये आलं. तोटा उघड आहे : तेवढा वेळ ट्रान्सफॉर्मरला पूर्ण शॉर्टचा झटका बसतो. जुना, वाइंडिंग सैल झालेला ट्रान्सफॉर्मर असेल तर मी तरी लावणार नाही.

---

बावीस_केव्ही

रिलेवाली ताई, 'फक्त उजेड' बद्दल तुमचं खरं निघालं. ड्रॉइंग काढून बघितलं. सीटीची जागा ड्रॉइंगवर आहे, पॅनेलवर नाही.

पण मग पॅनेल 'आर्क प्रूफ' म्हणून विकतात ते काय असतं? आमच्या पॅनेलवर तशी पाटी आहे, वर प्रेशर फ्लॅप आहेत.

---

दुरुस्तीवाला

ते आयईसी ६२२७१-२०० मधलं अंतर्गत आर्कचं वर्गीकरण. पाटीवर एएफएलआर असं लिहिलेलं असेल, पुढची-बाजूची-मागची तिन्ही अंगं, आणि पुढे किती किलोअँपिअर, किती सेकंद. प्रयोगशाळेत पॅनेलच्या आत खराखुरा आर्क पेटवतात आणि बाहेर ३० सेंटिमीटरवर काळ्या सुती कापडाचे चौकोन टांगतात. कापड पेटलं नाही, दार उडालं नाही, तर पास. आत पॅनेलचं काय झालं, याच्याशी त्या परीक्षेला देणंघेणं नाही. बाहेर उभा माणूस वाचला पाहिजे, एवढंच.

आणि हे सगळं दारं बंद आणि बोल्ट लावलेले असताना. आपल्याकडे माणूस कधी भाजतो? दार उघडून ब्रेकर रॅक इन करताना, म्हणजे आत सरकवून जोडताना. तेव्हा त्या पाटीला काही अर्थ नाही. त्यासाठी स्वस्तातला उपाय म्हणजे मेंटेनन्स स्विच. आत काम चालू असेल तोवर इन्कमरचं इन्स्टंटेनियस खाली आणायचं. त्या तासाभरात ग्रेडिंग गेलं उडत, एखाद्या मोटारीच्या शॉर्टवर सगळं पडलं तरी चालेल. काम झालं की स्विच परत. नवीन एसीबीत बहुतेक वेळा ही सोय आधीच असते, कोणी वायर जोडत नाही एवढंच.

आर्क रिले विकत घ्यायला पैसे नसतील तर निदान आज एक करा : तुमचा शॉर्ट टाइम पिकअप आर्कच्या करंटच्या खाली आहे का बघा. आमच्याकडे आठपटीवरून पाचपटीवर आणला, खर्च शून्य. पिकअप तिथे असता तर त्या रात्री एसीबीने त्याच्या ०.४ सेकंदाने तोडलं असतं. निम्म्याहून कमी जळलं असतं.

---

भरली_वांगी

मला पॅनेलमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. घरचा प्रश्न विचारू का? गीझरच्या प्लगची एक पिन तपकिरी झालीय आणि सॉकेटमधून चिरचिर आवाज येतो. एमसीबी पडत नाही, आरसीसीबी पण आहे, तोही पडत नाही. म्हणजे ठीक ना?

---

दुरुस्तीवाला

ताई, ठीक नाही. आधी गीझर बंद करा आणि सॉकेट बदला, मग पुढचं वाचा.

चिरचिर म्हणजे सॉकेटच्या पट्ट्या सैल झाल्यात आणि पिनशी बारीक आर्क होतोय. हा आर्क गीझरच्या ओळीत आहे, त्यामुळे करंट गीझर जेवढा ओढतो तेवढाच, किंवा थोडा कमीच. एमसीबीला १६ अँपिअरच्या वर काही दिसत नाही. आरसीसीबी अर्थकडे गळणारा करंट बघतो, इथे काही गळत नाही. दोघांच्या दृष्टीने घर सुखरूप, आणि सॉकेटचं प्लास्टिक आतून कोळसा होत चाललंय. कोळसा झालं की तो स्वतःच करंट वाहू लागतो.

यासाठी एएफडीडी नावाचं उपकरण असतं. ते करंटच्या लाटेतला खरखराट ऐकतं. आर्क असेल तर लाट शून्यातून जाताना क्षणभर सपाट होते आणि वर उच्च वारंवारतेचा गोंगाट बसतो. आयईसी ६२६०६ या मानकाप्रमाणे २३० व्होल्टला अडीच अँपिअरचा आर्क एका सेकंदात, १६ अँपिअरचा ०.१५ सेकंदात तोडायला हवा. पण सैल जोड नुसता गरम होऊन लालभडक झाला आणि आर्क झालाच नाही, तर एएफडीडीही गप्प बसेल. स्क्रू आवळायला पर्याय नाही.

---

न्यूजर्सीकर_मामा

आमच्याकडे हे घरोघरी आहे. अमेरिकेच्या विद्युत संहितेत १९९९ च्या आवृत्तीत बेडरूमसाठी आलं, १ जानेवारी २००२ पासून लागू. नंतर वाढत वाढत जवळजवळ सगळ्या खोल्यांना. सुरुवातीचे ब्रेकर व्हॅक्यूम क्लीनर लावला की पडायचे. ब्रशवाली मोटार म्हणजे सततच्या ठिणग्याच, त्यांना फरक कळायचा नाही. आता बरेच सुधारलेत. एक गैरसमज मात्र जात नाही : ब्रेकरवर 'कॉम्बिनेशन' लिहिलंय म्हणून त्यात शॉकपासूनचं संरक्षणही आहे असं आमचे शेजारी धरून चालतात. तसं नाही, ते ओळीतला आणि दोन वायरींमधला असे दोन्ही आर्क पकडतं, एवढाच त्याचा अर्थ.

---

छतावरचं_ऊन

सोलरवाल्यांसाठी दोन ओळी. एसीत आर्कला सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जावं लागतं, दर खेपेला मरायची संधी. डीसीत शून्य येतच नाही. छतावर सहाशे-आठशे व्होल्टची स्ट्रिंग, म्हणजे ओळीने जोडलेली सोलर पॅनेलं, दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात म्हणून बसवलेले, आत संपर्क अर्धाच. पेटला की ऊन असेपर्यंत विझत नाही, आणि सोलर पॅनेलच्या मागे आग दिवसा दिसतही नाही. इन्व्हर्टरमध्ये डीसी आर्क ओळखायची सोय येते. घेताना विचारा, आणि चालू आहे ना तेही बघून घ्या.

---

मेलबर्नकर

उघड्या लाइनवरच्या आर्कबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरियात वणव्यांनी १७३ माणसं गेली. सगळ्यात मोठा किलमोर ईस्टचा वणवा वीजवाहिनीची तार तुटून लागला होता. वाळलेल्या गवतावर पडलेल्या तारेतून करंट इतका कमी जातो की ओव्हरकरंट रिलेला तो दिसत नाही, पण गवताला तेवढा पुरतो. त्यानंतर इथल्या २२ केव्हीच्या सबस्टेशनांत असं यंत्र बसवलं की एक फेज जमिनीला लागला की न्यूट्रलकडून उलटा करंट ढकलून त्या फेजचं व्होल्टेजच पाडायचं. १२,७०० व्होल्टवरून दोन सेकंदांत २५० च्या खाली. मूळ कल्पना जुनी, जर्मनीतल्या पीटरसनच्या कॉइलची, १९१६ सालची. एकच गोची : किलमोर ईस्टची लाइन एकतारी होती, जमिनीतून परत येणारी. तिथे हे यंत्र चालतच नाही.

---

भरली_वांगी

सॉकेट उघडलं. मागे वायरचं टोक काळं आणि स्क्रू दीड फेरा सैल. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, एमसीबी ३२ चा टाकू का, मग पडणारच नाही." मी म्हटलं, भाऊ, तो आत्ताही पडत नव्हता, तोच तर त्रास होता.

---

रिलेवाली

_/\_ या प्रतिसादासाठी धागा वर काढला तरी चालेल.

---

बावीस_केव्ही

परत आलो. काल लंच टाइममध्ये पॅनेल रूममध्ये गेलो होतो. मॅनेजरने काढायला सांगितलेला आर्क रिले कोणी काढलाच नव्हता. हिरवा दिवा लागलेला, स्क्रीनवर 'हेल्दी'. म्हटलं, वा. मग मागे बघितलं तर ट्रिपच्या दोन वायरी टर्मिनलमधून काढून, टोकांना टेप गुंडाळून, नीट झिप टायने बांधून ठेवलेल्या. टेप सुकून सुटायला आलीय, म्हणजे दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. या काळात आम्ही त्याच पॅनेलमध्ये किती वेळा ब्रेकर रॅक इन केला ते मोजायचं मी टाळलं.

येत्या रविवारी शटडाऊन मागितलाय. ताई, सीटी कोणत्या गुणोत्तराचे लागतील, आणि फ्लॅश धरायला तुमचा मुलगा मिळेल का, ते व्यक्तिगत निरोपात कळवा.